वेस्टिंगहाउस विरुद्ध फॉर्मिका (१९२४): तत्त्व एकाच्या बाजूने आणि निकाल दुसऱ्याच्या, हे कसे?

प्रश्न: थरावरथर

नमस्कार. विद्युत इन्सुलेशनचे कागद आणि लॅमिनेट बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नऊ वर्षे काम केले असून सध्या पेटंट एजंटच्या परीक्षेची तयारी करतो आहे. अभ्यास करताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा ८ डिसेंबर १९२४ चा एक निकाल वाचला. तो तीन वेळा वाचूनही त्यातील एक गाठ सुटत नाही, म्हणून येथे विचारतो आहे. (लिहिताना ‘दावा’ हा शब्द मी केवळ पेटंटमधील क्लेमसाठी, म्हणजे पेटंटचे संरक्षण नेमके कशाला आहे हे सांगणाऱ्या कलमासाठी, वापरला आहे आणि न्यायालयातील प्रकरणाला ‘खटला’ म्हटले आहे. मराठीत दोन्हींना दावाच म्हणतात आणि त्यातून फार घोटाळा होतो.)

मला समजलेली हकीकत अशी. डॅनियल ओ’कॉनर हे वेस्टिंगहाउस कंपनीत अभियंता होते. कागदाला बेकलाइटची राळ लावून, त्याचे थरावर थर चढवून, उष्णता आणि दाब यांच्या साहाय्याने कठीण इन्सुलेशन तयार करण्याची पद्धत त्यांनी बसवली. १ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि त्यावरील सर्व हक्क कंपनीच्या नावे लिहून दिले. त्याच वर्षी नोकरी सोडून हर्बर्ट फेबर या सहकाऱ्यासह त्यांनी सिनसिनाटी येथे फॉर्मिका कंपनी काढली. पेटंट क्रमांक १२८४४३२ प्रत्यक्षात मिळाले ते १२ नोव्हेंबर १९१८ रोजी, आणि त्यावर संशोधक म्हणून नाव ओ’कॉनर यांचेच असले तरी मालकी वेस्टिंगहाउसची होती. त्या पेटंटाच्या ११ आणि १२ क्रमांकांच्या दाव्यांवर बोट ठेवून वेस्टिंगहाउसने फॉर्मिकावर खटला भरला. ओहायोतील जिल्हा न्यायालयात तो फेटाळला गेला, सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तोच निर्णय कायम केला आणि सर्वोच्च न्यायालयातही वेस्टिंगहाउस हरली.

अडचण येथून सुरू होते. सरन्यायाधीश टॅफ्ट यांनी स्पष्ट म्हटले आहे की ज्याने आपला शोध दुसऱ्याला लिहून दिला त्याला पुढे ‘हा शोध नवीनच नव्हता, त्यामुळे पेटंट रद्द समजा’ असे म्हणता येणार नाही. हे तर सरळसरळ वेस्टिंगहाउसच्या बाजूचे तत्त्व झाले. असे असताना त्याच निकालात न्यायालय ओ’कॉनरच्या बाजूने आधीचे ज्ञात तंत्र तपासते, त्याच्या आधारे दावे अरुंद करते आणि फॉर्मिकाला मोकळे सोडते. समोरचे दार बंद करून मागचे उघडे ठेवण्यासारखेच हे झाले ना? प्रश्न निव्वळ परीक्षेपुरता नाही, कारण मीही नोकरीत असताना अशाच एका अर्जावर सही केलेली आहे.

उत्तर १: चतुःसीमा

आपली गाठ खरी आहे, पण ती सोडवण्याची किल्ली त्याच निकालात आहे आणि सातबारा हाताळलेल्या कोणाही मराठी माणसाला ती चटकन उमजेल. टॅफ्ट यांनी पेटंट लिहून देणाऱ्याची तुलना जमीन विकणाऱ्याशी केली आहे. समजा, मी आपल्याला एका गटातील जमीन विकली, खरेदीखत नोंदवले आणि पैसे घेतले. उद्या मीच उठून ‘मुळात ही जमीन माझ्या मालकीची नव्हतीच, त्यामुळे तुमचे खरेदीखत कुचकामी आहे’ असे म्हणू लागलो, तर कोणतेही न्यायालय मला उभे करणार नाही. कायद्यात यालाच इस्टॉपेल म्हणतात, म्हणजे माणसाने आपल्याच शब्दाने बांधले जाणे.

परंतु वाद मालकीचा नसून बांधाचा असेल तर गोष्ट वेगळी होते. आपण माझ्या उरलेल्या वावरात दहा फूट आत येऊन कुंपण घातले आणि ‘हेही मी विकत घेतले आहे’ म्हणालात, तर मोजणी मागण्याचा माझा हक्क खरेदीखताने जात नाही. खरेदीखतात पूर्वेस अमुक गट, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस शिवरस्ता अशा चतुःसीमा लिहिलेल्या असतात. त्या वाचायच्या तर शेजारी कोण कोठपर्यंत होता हे पाहावेच लागते. पेटंटच्या बाबतीत शेजाऱ्यांच्या जमिनी म्हणजे आधीपासून ज्ञात असलेले तंत्र. विकलेली जमीन मुळात नव्हतीच, हे सिद्ध करण्यासाठी शेजाऱ्याचा उतारा दाखवता येत नाही. ती कोठे संपते हे दाखवण्यासाठी मात्र येतो. न्यायालयाने केले ते इतकेच.

जमीन आणि पेटंट यांच्यातील फरकही टॅफ्ट यांनी लपवलेला नाही. जमिनीची हद्द साखळी टाकून मोजता येते, तर शोधाची हद्द शब्दांत लिहिलेली असते आणि शब्द ताणले जातात. त्यातही ओ’कॉनर यांनी विकले ते पेटंट नव्हते, तो प्रलंबित अर्ज होता. मिळालेले पेटंट विकताना दावे छापून समोर असतात आणि आपण काय देतो आहोत हे दोघांनाही ठाऊक असते. अर्ज विकताना दावे अजून घडायचे असतात, पेटंट कार्यालयाशी पत्रव्यवहार व्हायचा असतो आणि पाच-पावणेसहा वर्षांनी हाती येणाऱ्या पेटंटाचे रूप मूळ अर्जापेक्षा पुष्कळ निराळे असू शकते. अशा अर्धवट घडलेल्या हक्काची हद्द कमी निश्चित असते आणि म्हणून विकणाऱ्याला किती बांधायचे हा प्रश्न अधिक अवघड होतो, असे निकालात म्हटले आहे. पुढच्या शंभर वर्षांचे सगळे वाद या एका विधानाभोवती फिरत आले आहेत, असे माझे मत आहे.

आता ११ आणि १२ हे दावे पाहा. सपाट नसलेली वस्तू बनवण्यासाठी राळ लावलेल्या तंतुमय द्रव्याचे अनेक थर एकमेकांवर ठेवायचे आणि साच्यात उष्णता व दाब देऊन कठीण करायचे, इतक्या मोकळ्या, म्हणजे व्यापक, भाषेत ते लिहिलेले आहेत. ओ’कॉनर यांनी अर्जात वर्णन केलेली पद्धत मात्र दोन टप्प्यांची होती. हे मोकळे दावे अर्जात आले ते नंतर, वेस्टिंगहाउसच्या हातून, म्हणजे कुंपण पुढे सरकवले गेले ते जमीन विकली गेल्यावर. आधीचे तंत्र पाहता हे दावे दोन टप्प्यांच्या पद्धतीपुरतेच वाचावे लागतील असे न्यायालयाने ठरवले, आणि फॉर्मिकाचे काम त्या चौकटीत बसत नसल्याने उल्लंघनही झाले नाही. पेटंट शाबूत राहिले, फक्त मोजणीत ते लहान निघाले.

उत्तर २: जुना वाइंडर

कायद्यातले मला विशेष कळत नाही. मात्र चाळीस वर्षे मोटारी बांधण्यात गेली असल्यामुळे ‘सपाट नसलेली वस्तू’ म्हणजे काय आणि तिच्यासाठी एवढे भांडण का झाले असावे, हे सांगू शकतो.

डीसी मोटारीच्या कॉम्युटेटरमध्ये, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या गोल भागात, तांब्याच्या पाचरीसारख्या पट्ट्या गोलाकार उभ्या बसवलेल्या असतात. दोन पट्ट्यांच्या मध्ये अभ्रक असतो. सगळ्या पट्ट्या एकत्र आवळून धरण्यासाठी दोन्ही टोकांना पोलादी कडी असते आणि तिचा काप इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो. पोलाद थेट तांब्याला टेकले तर सगळ्या पट्ट्या एकमेकींना शॉर्ट होतील, म्हणून त्या दोहोंच्या मध्ये त्याच आकाराची इन्सुलेशनची कडी लागते आणि तिलाच व्ही-रिंग म्हणतात. पूर्वी ती अभ्रकाच्या बारीक पापुद्र्यांना लाखेने चिकटवून, साच्यात तापवून करत. अभ्रक उष्णतेला बिलकूल दाद देत नाही, पण तो हाताने सोलावा आणि निवडावा लागतो. त्या काळी त्याचा मोठा पुरवठा आपल्या देशातून, कोडरमाच्या बाजूने होत असे. त्याच्या जागी कागद आणि राळ चालली तर कारखानदाराची केवढी सोय होईल, याचा विचार करा. फॉर्मिका या नावातही तेच आहे, म्हणजे अभ्रकाऐवजी वापरायचे ते. त्या कंपनीची पहिली मोठी मागणी चामर्स मोटार कंपनीसाठीच्या अशाच व्ही-रिंगांची होती, असे मी वाचले आहे. पुढे टेबलावर आणि ओट्यावर बसणाऱ्या पत्र्यासाठी हे नाव घरोघरी गेले. आपल्याकडे त्याच जातीच्या पत्र्याला सरसकट सनमायका म्हणतात आणि त्यातही ‘मायका’ म्हणजे अभ्रकच आहे.

दोन टप्पे का लागतात, तेही सांगतो. बेकलाइटची राळ तीन अवस्थांतून जाते. आधी ती पातळ असते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. थोडी तापवली की घट्ट होते, पण अजून पुरती पक्की झालेली नसते. पुन्हा उष्णता आणि दाब दिला की ती अशी आवळते की नंतर ना वितळते, ना विरघळते. राळ लावलेला कागद तापलेल्या दांड्यावर ताणून गुंडाळला तर मधल्या अवस्थेतली नळी मिळते. ती लांबीत चिरून उलगडता येते किंवा तुकडे करून साच्यात घालता येते आणि मग शेवटचा दाब देऊन पक्की करता येते. या मधल्या थांब्यावरच सगळी कारागिरी आहे. तेथे राळ जास्त शिजली तर थर एकजीव होत नाहीत, आणि कमी शिजली तर दाबाखाली ती कडेने बाहेर ओघळते व आत कोरडा कागद राहतो.

आमच्याकडे तपकिरी हायलमची शीट हॅक्सॉने कापताना काठावर बारीक रेघा दिसतात, त्या म्हणजे कागदाचे थर. ब्लेड बोथट असेल तर काठाचे पापुद्रे सुटतात, आणि कापताना उडणाऱ्या पिठाला फिनेलसारखा उग्र वास येतो. माझ्या उमेदवारीच्या काळात एका मोटारीची कडी मी अशाच शीटमधून लेथवर कातून काढली होती. वस्ताद म्हणाले, ही टिकणार नाही, कारण यात थर आडवे कापले गेले आहेत. साच्यात वळवलेल्या कडीत थर कोनाबरोबर वळतात. तीन महिन्यांनी ती मोटार परत आली आणि कडी नेमकी कोनावर उकललेली होती. त्या दोन दाव्यांत ‘साच्यात’ आणि ‘सपाट नसलेली’ हे शब्द का असावेत, ते मला तरी यावरून उमगते.

उत्तर ३: शंकासुर

चतुःसीमा यांचा दृष्टान्त सुबक आहे, परंतु तो जरा जास्तच सुबक आहे. जमिनीची मोजणी केल्यावर काही तरी जमीन उरतेच. पेटंटचा दावा आधीच्या तंत्राच्या आधारे आवळत नेला तर तो इतका लहान होऊ शकतो की हाती उरते ते शून्यच, आणि मग ‘पेटंट रद्द नाही, फक्त अरुंद आहे’ हा निव्वळ शब्दच्छल ठरतो. थरावरथर यांना मागचे दार दिसले ते उगाच नाही.

अमेरिकेतील न्यायालयांनाही ते दिसत होतेच. १९४५ साली स्कॉट पेपर विरुद्ध मार्कलस या खटल्यात ठरले की मुदत संपलेल्या जुन्या पेटंटात जे आहे तेच आपण करतो आहोत, असा बचाव हक्क लिहून देणाऱ्यालाही घेता येतो. १९६९ साली लिअर विरुद्ध ॲडकिन्स या निकालाने परवानाधारकावरचे असेच बंधन काढून टाकले. त्यानंतर विक्रेत्यावरचे बंधनही गेलेच, असे अनेकांना वाटत असताना १९८८ मध्ये फेडरल सर्किटने, म्हणजे पेटंटची अपिले ऐकणाऱ्या अमेरिकेतील न्यायालयाने, ते पुन्हा ठणठणीत करून ठेवले.

अखेर २९ जून २०२१ रोजी मिनर्व्हा विरुद्ध होलॉजिक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला. त्यात कागद नव्हता, गर्भाशयातील अतिरिक्त रक्तस्रावावर उपचार करणारे उपकरण होते, पण पट तोच होता. संशोधकाने अर्ज लिहून दिला, तो खरेदी-विक्रीतून होलॉजिककडे पोचला, संशोधकाने नवी कंपनी काढली आणि होलॉजिकने त्याच जुन्या अर्जाच्या वंशावळीतून अधिक मोकळा दावा मिळवून त्याच्यावरच खटला भरला. न्यायमूर्ती केगन यांनी बहुमताच्या निकालात फॉर्मिकाच्या खटल्याचा आधार घेऊन म्हटले की बंधन कायम आहे, पण विकताना माणसाने स्पष्टपणे किंवा ध्वनित करून जे सांगितले त्याच्या विरुद्ध तो आता बोलत असेल तेवढ्यापुरतेच. अर्जातले दावे नंतर वस्तुतः मोकळे झाले असतील, तर त्या मोकळ्या दाव्याविषयी विक्रेत्याने कधी शब्दच दिला नव्हता, त्यामुळे तो मोडण्याचा प्रश्न येत नाही. म्हणजे फॉर्मिकाच्या निकालात जे काम दावा अरुंद करून भागवले गेले, तेच येथे दावा थेट आव्हानाला खुला करून झाले. मला हा दुसरा मार्ग अधिक सरळ वाटतो.

या प्रकरणाचा शेवटही पाहण्यासारखा आहे. प्रकरण खाली परत गेले तेव्हा २०२२ मध्ये फेडरल सर्किटने ठरवले की नवा दावा जुन्यापेक्षा वस्तुतः मोकळा नाही, कारण विकलेल्या मूळ अर्जातही तितकाच मोकळा एक दावा होता, आणि म्हणून विक्रेता बांधलेलाच आहे. तत्त्व संशोधकाच्या बाजूने आणि निकाल कंपनीच्या. फॉर्मिकाच्या बरोबर उलटे.

उत्तर ४: चतुःसीमा

शंकासुर यांचा आक्षेप मान्य. शून्यापर्यंत आवळलेला दावा आणि रद्द झालेला दावा यांच्यातील फरक मलाही पटवून देता येणार नाही. तरीही १९२४ चे न्यायालय त्या टोकाला गेले नव्हते, हे लक्षात घ्यावे. दोन टप्प्यांची पद्धत त्याने वेस्टिंगहाउसकडेच राहू दिली.

थरावरथर यांनी शेवटी सहीचा उल्लेख केला आहे, म्हणून भारतातील स्थितीविषयी थोडे लिहितो. हा कायदेशीर सल्ला समजू नये. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात, नोकराचा शोध आपोआप मालकाचा होतो, असे कोठेही म्हटलेले नाही. कलम ६ प्रमाणे अर्ज खऱ्या आणि प्रथम संशोधकाने किंवा त्याने हक्क लिहून दिलेल्याने करायचा असतो, आणि पेटंटाचे हस्तांतरण कलम ६८ प्रमाणे लेखी असल्याशिवाय वैध नसते. म्हणून कंपन्या सह्या घेतात आणि म्हणूनच त्या सहीला वजन असते. इस्टॉपेलचे सर्वसाधारण तत्त्व आपल्याकडे पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ११५ मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२१ मध्ये आहे. दुसरीकडे पेटंट कायद्याचे कलम १०७ सांगते की कलम ६४ मधील पेटंट रद्द करण्याची कारणे उल्लंघनाच्या खटल्यात बचाव म्हणूनही घेता येतात. पेटंटच्या वैधतेला आव्हान देऊ नये अशी अट कलम १४० ने बेकायदा ठरवली आहे, मात्र त्या कलमात पेटंट असलेल्या वस्तूची विक्री, भाडेपट्टा आणि परवाने यांचे करार मोजलेले आहेत. पेटंटाचेच हस्तांतरण त्या यादीत नाही, ही गोष्ट नजरेतून सुटू देऊ नये.

पण माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात कामाचे कलम ५९ आहे. अर्जातील दावे दुरुस्त करताना, दुरुस्त झालेला दावा आधीच्या एखाद्या दाव्याच्या कक्षेत पूर्णपणे बसलाच पाहिजे, असा त्यात दंडक आहे. वेस्टिंगहाउसने ओ’कॉनर निघून गेल्यावर मोकळे दावे घातले, तसे आपल्याकडे सहजासहजी करता येत नाही, कारण कुंपण आत घेता येते, बाहेर नेता येत नाही. अर्ज प्रसिद्ध झालेला असल्यास मूळ दावे, परीक्षण अहवाल, त्यावरचे उत्तर आणि सुधारित दावे हे सगळे पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर उघडे असते. पहिल्या दिवसाचे दावे आणि आजचे दावे शेजारी-शेजारी छापून घ्या आणि एकेक शब्द ताडून पाहा. मात्र त्यातील तांत्रिक तपशील आणि जुन्या कंपनीचे नाव येथे लिहू नका. आपल्या नोकरीच्या करारात गोपनीयतेचे कलम असणारच.

थरावरथर

सर्वांचे मनापासून आभार. जुना वाइंडर यांच्या उत्तराने तर माझ्या डोळ्यांसमोर आमचा प्रेसच उभा राहिला. मधल्या अवस्थेत राळ किती शिजली आहे हे आम्ही एक तुकडा वाकवून, तो मोडताना होणाऱ्या आवाजावरून ठरवत असू, आणि ते कोणत्याच अर्जात लिहिलेले नाही.

सुचवल्याप्रमाणे दोन्ही संच काल रात्री छापून घेतले आणि लाल पेन्सिल घेऊन बसलो. दावे मोकळे झालेले नाहीत, उलट परीक्षण अहवालानंतर पहिल्या दाव्यात दोन अटी वाढलेल्या आहेत, म्हणजे कुंपण आतच आले आहे. त्यातली एक अट मी कारखान्यात असताना आम्ही पाळत होतो आणि दुसरी कधीच पाळली नाही. माझा नवा विचार त्या दुसऱ्या अटीशिवायच चालतो. तेव्हा पेटंट रद्द करा असे म्हणण्याची वेळ माझ्यावर येईल असे दिसत नाही, मोजणी मागण्याची येऊ शकेल. छापील पाने आणि नोकरीचा करार घेऊन सोमवारी एका वकिलांना भेटतो आहे.

जुना वाइंडर

तो आवाजाचा मुद्दा वकिलांना जरूर सांगा.